गल्लीचे दप्तर

बेळगावच्या रिसालदार गल्लीत एक जुने घर आहे. ऑक्टोबर १८९२मध्ये कोल्हापूरहून आलेला एक तरुण संन्यासी या घराच्या दारात उभा राहिला. त्याच्या हाती कोल्हापूर दरबारातील एका कारभाऱ्याची चिठ्ठी होती. घर होते सदाशिवराव भाटे यांचे आणि संन्यासी होते स्वामी विवेकानंद. शिकागोची सर्वधर्मपरिषद अजून अकरा महिने दूर होती, त्यामुळे या पाहुण्याचे नाव बेळगावात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. काही दिवस ते भाट्यांकडे राहिले आणि नंतर हरिपद मित्र या वनखात्यातील बंगाली अधिकाऱ्याकडे मुक्कामास गेले.

ही हकिकत आज आपल्याला तपशिलाने ठाऊक आहे, कारण त्या वेळी घरात अष्टाध्यायी पाठ करणारा एक मुलगा होता. भाट्यांच्या या चिरंजीवांनी पुढे मोठेपणी त्या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या. पाहुणा कसा बोलत असे, जेवणानंतर पान-सुपारी कशी मागत असे, पाणिनीची सूत्रे त्याला कशी मुखोद्गत होती, हे सारे त्यांनी नोंदविले. ती नोंद राहिली म्हणून घराची ओळख राहिली, आणि ओळख राहिली म्हणून रामकृष्ण मिशनच्या हातून त्या घराचे स्मारक होऊ शकले. दगड-विटांच्या आधी शब्द वाचले, हा या उदाहरणाचा धडा आहे.

आम्हा सीमावासीयांना हा धडा नीट समजून घेणे आवश्यक वाटते. आमच्या गल्ल्यांत अशी किती घरे असतील, ज्यांत लिहून ठेवणारा मुलगा नव्हता? किती वाडे गेल्या पन्नास वर्षांत पाडले गेले आणि माळ्यावरचे रुमाल रद्दीच्या गाड्यावर गेले? गल्लीचा इतिहास जपणारे स्थानिक मंडळ ही हौस नसून गरज आहे, असे आमचे मत आहे. ते का, हे येथे मांडावयाचे आहे.

मराठी माणसाला ही कल्पना परकी नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो वाईतील एका घरात मिळालेल्या पानिपतविषयक पत्रांच्या आधारावर. ती पत्रे कोणा राजाच्या संग्रहालयात नव्हती. ती एका घराण्याच्या दप्तरात पडून होती. राजवाडे गावोगाव पायपीट करीत राहिले, माळे-तळघरे धुंडाळीत राहिले आणि साधनांचे बावीस खंड उभे राहिले. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी खंडेराव मेहेंदळे यांच्यासह पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. या मंडळाची रीत साधी होती. ज्याला जो कागद सापडेल तो त्याने सभेत आणावा, वाचावा, इतरांनी त्याच्यावर शंका घ्याव्यात आणि मग तो छापावा. सभासदांत पंडित होते, तसे नोकरी-धंदा सांभाळून येणारे हौशी लोकही होते. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी जमविलेल्या कागदांसाठी पुढे धुळ्यातच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ झाले. राजधानीपासून दूरच्या गावातही दप्तर सांभाळता येते, याचा तो पुरावा आहे.

आता बेळगावकडे पाहावे. या गावात १८४८ साली सुरू झालेले सार्वजनिक वाचनालय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्या बंधूंसह सायकलींचे दुकान थाटले ते १८८८मध्ये, येथेच. पुढे ठळकवाडीच्या नव्या वसाहतीसाठी जागा सोडावी लागली आणि १९१०मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. बेळगावात उरले किर्लोस्कर रोड हे नाव. एप्रिल १९१६मध्ये लोकमान्य टिळकांचा होमरूल लीग याच गावात जन्मला. डिसेंबर १९२४मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी भूषविलेले काँग्रेसचे अध्यक्षपद एवढे एकच. त्या अधिवेशनामागे गंगाधरराव देशपांडे यांचे कष्ट होते आणि पाण्यासाठी खोदलेली विहीर आजही ‘काँग्रेस विहीर’ म्हणून उभी आहे. मे १९४६च्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तो याच भूमीवर.

हे सारे पाठ्यपुस्तकात बसणारे प्रसंग आहेत आणि त्यांची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत. गल्लीचा इतिहास याच्या खालच्या थरात असतो. शहापूरचे उदाहरण घ्या. आज ते बेळगाव शहराचा भाग आहे. पण १९४८मध्ये संस्थाने विलीन होईपर्यंत ते सांगलीच्या पटवर्धनांचे होते आणि लागून असलेले बेळगाव इंग्रजांचे. एका शहरासारख्या दिसणाऱ्या वस्तीत दोन राज्ये, दोन कचेऱ्या, दोन दप्तरे. हातमागाचा आणि सराफीचा व्यवहार तर दोन्हीकडे चाले. या व्यवहाराची खरी साक्ष कोठे मिळेल? सरकारी अहवालांत तिचा सारांश असेल. सुताचा भाव, रंगाऱ्याची उधारी, मागावर बसणाऱ्या बायकांची मजुरी, लग्नाच्या साडीची मागणी कोणत्या गावाहून आली, हे घरच्या चोपड्यांतच सापडणार. आणि चोपड्या घराबरोबर जातात.

येथे आम्हाला स्वतःच्या बाबतीत एक कठोर गोष्ट बोलली पाहिजे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपासून आम्ही पुरावे गोळा करण्यात कमी पडलो नाही. महाजन आयोगापुढे गावनिहाय आकडे मांडले गेले. १९६७चा त्याचा अहवाल आम्हाला मान्य झाला नाही. २००४मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा ८६५ गावांची यादी सर्वांना तोंडपाठ झाली. सरकारी कचेरीतून मिळणारा उतारा मराठीत मिळावा, ही आमची मागणी आजही आहे आणि ती न्याय्य आहे. पण त्याच वेळी आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून असलेले मराठी कागद आम्ही वाळवीच्या स्वाधीन केले. मराठी कागद मागणाऱ्या समाजाने आपले मराठी कागद जपले नाहीत, तर त्याच्या मागणीचे बळ आतून पोखरले जाते.

या उपेक्षेचे एक कारण लिपी हे आहे. आपले जुने कागद बहुतांशी मोडीत आहेत आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून गेली. नातवाला आजोबांचे अक्षर वाचता येईनासे झाले आणि न वाचता येणारा कागद निरुपयोगी वाटू लागला. त्याची किंमत गरज पडल्यावर कळते. २०२३मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी महाराष्ट्रात न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांचा शोध सुरू झाला. ज्या विद्येकडे दोन पिढ्यांनी पाठ फिरविली, तिच्यावर एकाएकी हजारो कुटुंबांचे भवितव्य अवलंबून राहिले.

लिपी आली तरी काम संपत नाही. जुन्या मराठी पत्रांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘खमस सबैन मया व अलफ’ असे दिसले, तर पाच, सत्तर, शंभर आणि हजार मिळून ११७५ होतात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळविले की इसवी सन येतो, म्हणजे हा कागद १७७४-७५चा. एवढे ज्ञान असलेली एक व्यक्ती गल्लीत असली, तर अनेक घरांचे मुके कागद बोलू लागतात. ही विद्या कोणालाही शिकता येते. त्यासाठी पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. गल्लीचा इतिहास जपावयाचा तर तो संपूर्ण जपावा लागेल. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही रट्ट राजवटीच्या काळात, तेराव्या शतकाच्या आरंभी उभी राहिली. त्या काळचे बेळगावचे दोन कोरीव शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि त्यांची भाषा कानडी आहे. ते लेख आपल्या गावाबाहेर गेले, ही हानी मराठी आणि कानडी शेजाऱ्यांची समानच आहे. आपल्या गल्ल्यांत मराठी घराशेजारी कानडी घर आहे, उर्दू बोलणारे घर आहे, कोकणी बोलणारे घर आहे. जो इतिहास यांतील काही कागद निवडतो आणि काही लपवितो, त्याच्यावर उद्या कोणीही विश्वास ठेवणार नाही. ग. ह. खरे यांच्यासारख्या मंडळाच्या थोर संशोधकाने दक्षिणेच्या मध्ययुगीन इतिहासाची साधने छापताना कानडी लेखही तितक्याच आदराने वाचले. त्याने त्यांचे मराठीपण उणे झाले नाही. त्यांच्या शब्दाला वजन मात्र आले. आमचा हक्क सत्यावर उभा आहे, अशी आमची श्रद्धा असेल, तर पूर्ण सत्याची आम्हाला भीती वाटण्याचे कारण नाही.

काम सुरू कसे करावे, याविषयी थोडे. पहिली पायरी यादीची. गल्लीतील प्रत्येक जुन्या घराची, देवळाची, तालमीची, शाळेची आणि गणेशोत्सव मंडळाची नोंद करावी. कोणाकडे काय आहे तेवढेच लिहावे. कागद ताब्यात घेण्याची घाई करू नये. मालकी घराचीच राहू द्यावी आणि परवानगीने छायाचित्र घ्यावे. एवढ्याने घराचा विश्वास राहतो आणि मूळ गहाळ झाले तरी मजकूर उरतो. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, त्याचे लॅमिनेशन करू नये. दोन्हींनी कागद कायमचा बिघडतो. स्वच्छ सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवावा. आपल्या पूर्वजांचा ‘रुमाल’ म्हणजे हीच पद्धत होती. प्रत्येक कागदाबरोबर तो कोणत्या घरात, कशाबरोबर सापडला हे लिहून ठेवावे, कारण ठिकाण हरवलेला कागद अर्धा मुका होतो. मंडळांची जुनी इतिवृत्ते, वर्गणीच्या वह्या, नाटकांच्या जाहिराती, मिरवणुकीची छायाचित्रे, दुकानांच्या जुन्या पाट्या यांनाही कागदपत्रांइतकेच मोल द्यावे. आणि सर्वांत आधी, ऐंशी ओलांडलेल्या माणसांपुढे बसावे. विहिरीचे, वळणाचे, बोळाचे जुने नाव त्यांनाच ठाऊक असते. कागद दहा वर्षे थांबू शकतो. ही माणसे थांबू शकत नाहीत.

बेळगावविषयी जे म्हटले ते इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, पणजी आणि हैदराबाद येथील आपल्या बांधवांनाही लागू आहे. हैदराबादेत १९२२पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभे आहे. तेथील मराठी वस्त्यांची कहाणी घरोघरी विखुरलेली आहे. सर्वांत दूरचे उदाहरण तंजावरचे. सरफोजी राजांच्या काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरला गेला. आज तंजावरात मराठी बोलणारी घरे थोडी उरली आहेत, पण ती भिंत कोणत्याही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की येथे ही भाषा राहत होती. तेथील मोडी कागद तमिळ अभ्यासकांनीही वाचावयास घेतले, कारण ते त्यांच्याही प्रदेशाचे कागद आहेत.

आमच्याकडे कोरण्यास तशी भिंत नाही. आमच्याकडे माळ्यावरची पेटी आहे, आजीच्या तोंडची नावे आहेत आणि एखाद्या मंडळाची जीर्ण इतिवृत्ताची वही आहे. न्यायालयाचा निकाल केव्हा लागेल आणि कसा लागेल, हे आमच्या हाती नाही. पेटी उघडणे आमच्या हाती आहे. रिसालदार गल्लीतल्या त्या मुलाने आपल्या घरी आलेल्या पाहुण्याविषयी चार पाने लिहिली, तेव्हा ती कोणासाठी उपयोगी पडतील हे त्यालाही सांगता आले नसते. येत्या रविवारी आपल्या गल्लीतील एका तरी वृद्धाच्या घरी वही घेऊन जावे, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.