गाडीच्या मागे स्टेपनी टांगताय? हिच कॅरियर बसवण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात काळ्या रानाच्या वाटेवर गाडी पंक्चर झाली, की टायरपेक्षा स्टेपनी काढण्याचाच ताप जास्त होतो. स्कॉर्पिओसारख्या गाडीत स्टेपनी मागच्या बाजूला पोटाखाली साखळीवर टांगलेली असते. ती उतरवायची तर चिखलात आडवं व्हायचं आणि गंजलेल्या साखळीशी झटापट करायची. चाक रुतलेलं असेल तर स्टेपनी बाहेर ओढायला जागाही उरत नाही. म्हणून जीप, थार, स्कॉर्पिओ बाळगणारे अनेक जण स्टेपनी मागे, हाताच्या उंचीवर आणायचा विचार करतात. त्यासाठी मिळणारी एक वस्तू म्हणजे हिच कॅरियर. व्हिडिओत ते अर्ध्या तासात बसलेलं दिसतं. मात्र पंचवीस-तीस किलोचं चाक मागे टांगून ते वर्षानुवर्षे खड्ड्यांतून न्यायचं आहे, आणि त्याच्या मागे कुणीतरी दुचाकीवर असणार आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं.

हिच म्हणजे नेमकं काय?

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायला मागे ड्रॉबार आणि पिन असते, त्याच जातीची ही वस्तू. गाडीच्या चेसिसच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बोल्टने आवळलेला एक आडवा दांडा असतो आणि त्याच्या मधोमध मागे तोंड केलेली चौकोनी नळी. या नळीला रिसीव्हर म्हणतात. अमेरिकेत पिकअपला ट्रेलर जोडण्यासाठी ही पद्धत रूढ झाली. तिथे मोठ्या गाड्यांना दोन इंची आणि छोट्या गाड्यांना सव्वा इंची नळी सर्रास दिसते. नळीत कॅरियरचा दांडा सरकवायचा आणि आडवी पिन घालायची. दोन इंची नळीला पाच अष्टमांश इंचाची, म्हणजे साधारण १६ मिमी जाडीची पिन लागते.

आपल्याकडे बहुतेक गाड्या कंपनीतून रिसीव्हर घेऊन येत नाहीत. मागे असतो तो ओढण्याचा हुक. इथेच पहिली चूक होते. हुक सरळ मागे ओढण्यासाठी बनवलेला असतो, वजन टांगून धरण्यासाठी नाही. हुकाला किंवा बंपरच्या पत्र्याला कॅरियर जोडून देणारा मिस्त्री भेटला, तर त्याला नमस्कार करून गाडी परत आणावी.

दुसरी गोष्ट गाडीच्या सांगाड्याची. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, गुरखा, जिम्नी या गाड्यांना शिडीसारखी वेगळी चेसिस आहे, त्यामुळे रिसीव्हर धरायला जाड लोखंड मिळतं. क्रेटासारख्या गाड्यांत वेगळी चेसिस नसते, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो. अशा गाडीला त्याच मॉडेलसाठी बनवलेला रिसीव्हर मिळाला तरच पुढचा विचार करावा. गावातल्या वेल्डिंगवर तिच्यासाठी जुगाड करू नये.

खरंच गरज आहे का?

बोलेरो, थार, गुरखा, जिम्नी यांची स्टेपनी आधीच मागच्या दारावर आहे. कंपनीच्या मापाचा टायर असेल तर कॅरियरवर पैसे घालण्याचं कारण नाही. अडचण येते ती मोठे टायर बसवल्यावर. ३३ इंची टायर डिस्कसकट ४० किलोच्या आसपास भरू शकतो. एवढं वजन रोज दारावर हेलकावलं की बिजागऱ्या सैल होतात. दार लावताना हाताने थोडं वर उचलावं लागतंय, बंद दारातून धूळ आत येतेय, खडबडीत रस्त्यावर मागून खडखड येतेय, ही त्याची लक्षणं. तिथे वजन दारावरून काढून चेसिसवर नेणं शहाणपणाचं.

पोटाखाली स्टेपनी असलेल्यांनी आधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. दर दोन-तीन महिन्यांनी स्टेपनी खाली उतरवायची, साखळीवरचा चिखल धुवायचा, ग्रीस लावायचं, हवा तपासायची. निम्म्या लोकांचा त्रास इथेच मिटेल. ज्यांना अकोले तालुक्यात घाटघर-साम्रदच्या बाजूला भर पावसात सारखं जावं लागतं किंवा ज्यांच्या शेताची वाट चार महिने चिखलातच असते, त्यांच्यासाठी पुढचा मजकूर.

वजन तेवढंच, जोर मात्र वाढतो

भरलेली कळशी कमरेवर घेतली तर चालता येतं. तीच हात लांब करून धरली तर मिनिटभरात खांदा भरून येतो. कॅरियरचंही तसंच आहे. ३० किलोचं चाक रिसीव्हरच्या पिनपासून ४० सेंटीमीटर मागे टांगलं, तर दांड्याच्या मुळाशी साधारण १२० न्यूटन मीटरचा वाकवणारा जोर येतो. हा गाडी उभी असतानाचा. गाडी खड्ड्यात आदळली की तोच जोर क्षणभर दोन-तीन पट होतो. म्हणून चाक गाडीच्या जितकं जवळ, तितकं चांगलं. दार उघडायला सोपं पडावं म्हणून दांडा फूटभर लांब करून घेणारे हे विसरतात.

गाडीच्या तोलावरही परिणाम होतो. मागच्या आसापासून १.२ मीटर मागे कॅरियर आणि चाक मिळून ६० किलो नव्याने टांगले आणि दोन आसांमधलं अंतर स्कॉर्पिओ क्लासिकसारखं २.६८ मीटर असलं, तर मागच्या चाकांवर ६० नव्हे, सुमारे ८७ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे २७ किलो कमी होतात. स्टेपनी आधीपासून पोटाखाली मागेच असेल तर फरक यापेक्षा कमी पडतो. पण त्यात मागे पाच गोण्या आणि चार माणसं भरली, की घाटाच्या चढावर स्टेअरिंग हलकं लागायला लागतं.

बसवताना

तयार किट घेतलं तर त्यावर किती वजन चालेल ते लिहिलेलं असतं. तो आकडा बहुतेक वेळा डांबरी रस्त्यासाठी असतो. कच्च्या रस्त्यासाठी वेगळा आकडा दिला नसेल तर निम्माच धरून चालावं.

रिसीव्हर बसवताना चेसिसला कंपनीने ठेवलेली छिद्रं वापरावीत. नवं छिद्र पाडायचीच वेळ आली तर ते चेसिसच्या उभ्या बाजूवर, मध्यात पाडावं. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला ड्रिल लावू नये, सगळा ताण तीच झेलत असते. ड्रिलच्या मागे डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग काय आहे ते आधी हात घालून बघावं. चेसिसवर थेट वेल्डिंग टाळावं. उष्णतेने वेल्डच्या कडेचं लोखंड कमजोर होतं आणि तडा पुढे तिथूनच जातो. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची वायर काढावी, नाहीतर ईसीएम उडाल्यावर कॅरियरच्या कितीतरी पट बिल येतं.

बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्यावेत. बोल्टच्या डोक्यावर तो आकडा कोरलेला असतो. कोरा बोल्ट दुकानदाराने कितीही भारी सांगितला तरी घेऊ नये. सोबत जाड वॉशर आणि लॉकनट हवेत. किटमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच पाळावा. दिला नसेल तर १२ मिमीच्या ८.८ बोल्टला साधारण ८० न्यूटन मीटर पुरतो, म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला २७ किलोच्या आसपास जोर. पान्याला पाइप घालून दोघांनी लटकण्याची गरज नाही. त्याने बोल्ट ताणला जातो आणि पुढे अवचित तुटतो.

गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कॅरियर बनवून घेताना एक बारीक गोम आहे. बाजारात चौकोनी पाइप ५० मिमीचा मिळतो आणि दोन इंची रिसीव्हर आतून ५०.८ मिमीपेक्षा थोडा मोठाच असतो. एक मिमीचं हे अंतर डोळ्याला दिसत नाही, पण चाक टांगल्यावर टोकाला ते चांगलंच हलतं. रोजच्या हेलकाव्याने पिनचं भोक लांबट होत जातं. म्हणून दांडा दाबून धरणारा यू आकाराचा क्लॅम्प किंवा पाचर मारणारा बोल्ट हवाच. पाइपची जाडी ५ ते ६ मिमी ठेवावी. गेट-ग्रिलचा दीड-दोन मिमीचा पाइप इथे चालत नाही. दांडा आणि उभा खांब जिथे जुळतात तिथे नुसत्या वेल्डवर भरवसा न ठेवता दोन्ही बाजूंना त्रिकोणी पट्ट्या मारून घ्याव्यात.

चाक धरणाऱ्या प्लेटवर गाडीच्या डिस्कला जुळणारे स्टड लागतात. जिम्नीच्या डिस्कला १३९.७ मिमी, म्हणजे बरोबर साडेपाच इंच व्यासाच्या वर्तुळावर पाच छिद्रं असतात. प्रत्येक गाडीचं माप वेगळं, त्यामुळे अंदाजाने न करता डिस्क घेऊनच मिस्त्रीकडे जावं. किमान तीन नटांनी चाक आवळलेलं हवं आणि त्यातला एक चावीचा असावा. स्टेपनी चोरीला जायला एक रात्र पुरते.

मागचं दार उघडायचं तर कॅरियरचा हात बाजूला फिरणारा हवा. त्याच्या खुंट्यात ग्रीसचं निपल असावं. बंद केल्यावर एक कडी आणि तिच्यावर वेगळी पिन, अशी दुहेरी सोय असावी. एकाच कडीवर सोडलेला हात वळणावर उघडला, तर तो समोरून येणाऱ्याच्या काचेवर जातो. शेवटी चाकातून एक साखळी काढून ती चेसिसला बांधावी. कॅरियर तुटलाच तर चाक निदान रस्त्यावर घरंगळत जाणार नाही.

सगळं झाल्यावर लगेच गाडी बाहेर काढू नये. चाकाच्या जागी ५० किलोच्या सिमेंटच्या दोन गोण्या दोरीने नीट टांगाव्यात, पिनपाशी आणि वेल्डवर खडूने रेघ मारावी आणि रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी रेघ तुटलेली दिसली, दांडा वाकलेला किंवा वेल्डला केसाएवढी चीर दिसली, तर कॅरियर परत मिस्त्रीच्या दारात.

नंबर प्लेट, दिवे आणि कायदा

मागे टांगलेलं चाक हमखास नंबर प्लेट, ब्रेकचा दिवा किंवा रिव्हर्स कॅमेरा झाकतं. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कंपनीतूनच हाय सिक्युरिटी नंबर प्लेट येते आणि जुन्या गाड्यांनाही आता ती लागते. तिचं लॉक एकदाच बसतं, त्यामुळे पान्याने काढून प्लेट दुसरीकडे लावता येत नाही. म्हणून कॅरियर विकत घेण्याआधी चाक दोघांनी गाडीमागे धरून बघावं आणि तिसऱ्याने वीस पावलांवरून प्लेट आणि सगळे दिवे दिसतात का ते पाहावं. सायलेन्सरचं तोंड थेट टायरवर येत नाही ना, तेही त्याच वेळी बघून घ्यावं.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने परवानगी नसलेला बदल केल्यास प्रत्येक बदलासाठी ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुढच्या-मागच्या क्रॅश गार्डवर कारवाई होते तेव्हा वाद याच कलमावरून होतो. त्यामुळे आधी आरटीओत विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी. अपघातानंतर क्लेम अडला की तोंडी सांगितलेलं कामाला येत नाही.

टायर ट्यूबलेस असेल, हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल, तर अशा प्रवासी कारला स्टेपनी नसली तरी चालेल अशी मुभा २०२० मध्ये नियमांत आली. पण उसाच्या बुडख्याने किंवा कपारीच्या दगडाने टायरची बगल फाटली, तर किटच्या दोरीने ती बुजत नाही. आपल्या रस्त्यांवर स्टेपनी हवीच.

पायरी नाही, ओढण्याचा खांबही नाही

गावात जीपच्या मागे लटकून जाण्याची सवय जुनी आहे. कॅरियर बसला की पोरांना तो पायरीच वाटतो. चाकासकट सत्तर किलोचा माणूस त्यावर उभा राहिला, की सगळा हिशोब कोलमडतो. त्याला तिथून उतरवल्याशिवाय गाडी हलवू नये. तसंच रुतलेला ट्रॅक्टर किंवा दुसरी गाडी काढताना दोर कॅरियरला बांधू नये. कॅरियर काढून घ्यावा आणि रिसीव्हरमध्ये ओढण्यासाठीच बनवलेला शॅकल घालावा, आणि दोर ताणलेला असेपर्यंत माणसांनी त्याच्यापासून लांब उभं राहावं.

गाडी आता फूटभर लांब झालेली असते, हे रिव्हर्स घेताना आणि घाटातल्या वळणावर ध्यानात ठेवावं. नाल्यात उतरून वर चढताना आधी सुटणारं बूड आता टेकू शकतं. चाकाच्या दोन्ही कडांना लाल रिफ्लेक्टर पट्टी लावावी.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण रंग आणि वॉशर बसले की ते थोडे सैल होतातच. नंतर तेलपाणी बदलताना दरवेळी पिन, कडी आणि वेल्ड पाहून घ्यावेत. पावसाळा संपला की कॅरियर एकदा पूर्ण बाहेर काढून दांड्याला ग्रीस लावून परत घालावा. तसं न केल्यास तो रिसीव्हरमध्ये गंजून अडकतो आणि मग काढायला गॅस कटरच लागतो.