सोडलेल्या गॅसची कुळकथा

एसीतला गॅस संपत नाही. पेट्रोलसारखा तो जळून जात नाही. तांब्याच्या बंद नळ्यांतून तो फिरत राहतो. आतल्या युनिटमध्ये द्रवाचा वायू होताना तो खोलीतली उष्णता घेतो आणि बाहेरच्या युनिटमध्ये वायूचा पुन्हा द्रव होताना ती टाकून देतो. जोडणी पक्की असेल तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस यंत्र मोडीत निघेपर्यंत तेवढाच राहायला हवा. तरीही हैदराबादेत मार्च सरत आला की अमीरपेटपासून कुकटपल्लीपर्यंत एसीवाल्यांच्या फोनवर एकच मागणी असते: ‘गॅस भरून द्या.’ भरावा लागतो म्हणजे आधीचा कुठेतरी गेला. थोडा गळतीतून गेला असेल, पण बराचसा माणसाच्या हातून जातो. नट सैल केला, फुस्स झाले, काम सुरू. ही सवय कशी लागली आणि गॅस परत ओढून पुन्हा वापरायचे तंत्र कुठून आले, ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवातीला गॅस असा मोकळा सोडायची कुणाची छाती नव्हती. लंडनमध्ये राहणाऱ्या जेकब पर्किन्स या अमेरिकी माणसाने १८३४ साली शीतयंत्राचे पेटंट घेतले, त्यात ईथर होते. ते भसकन पेटते. १८७० च्या दशकात जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडेने अमोनियाची यंत्रे बनवली. अमोनिया उत्तम गारवा देतो, पण नाकाडोळ्यांना सोसत नाही. घरगुती फ्रिज आले तेव्हा त्यांत सल्फर डायऑक्साइड आणि मिथिल क्लोराइड असे, आणि दोन्ही विषारी. बर्लिनमधल्या एका कुटुंबाचा फ्रिजच्या गळतीने बळी गेल्याची बातमी वाचून आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड हलत्या भागांशिवायचा फ्रिज करायला बसले, अशी हकीकत सांगतात. त्यांनी १९२६ पासून त्यावर खरोखरच पेटंटे घेतली.

बाजी मारली ती दुसऱ्याच माणसाने. जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ साली फ्लोरिन आणि क्लोरिन असलेला एक वायू तयार केला. १९३० साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो वायू छातीभर ओढून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. हा वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झाले. फ्रेऑन या नावाने तो बाजारात आला. पुढे त्याला सीएफसी-१२ किंवा आर-१२ म्हणू लागले. त्याचाच भाऊ आर-२२ खिडकीतल्या आणि भिंतीवरच्या एसीत गेला.

इथेच सवय बिघडली. गॅस ना नाकाला झोंबे, ना पेटे, वर स्वस्त. मग तो जपायचा कशाला? नळीतला कचरा उडवायला गॅस, आतली हवा हाकलायला गॅस, दुरुस्तीआधी यंत्र रिकामे करायचे तर वाल्व उघडा. मेकॅनिकांच्या दोन-तीन पिढ्या याच रीतीने शिकल्या. यात कुणाचा हलगर्जीपणा नव्हता, शिकवणच तशी होती.

हैदराबादला हा वंश लवकर पोचला. निजामाच्या राज्यात १९४२ साली सरकारच्या औद्योगिक निधीतून हैदराबाद ऑल्विन ही कंपनी निघाली. पोलादी कपाटे, बसच्या बॉड्या, पुढे फ्रिज आणि मनगटी घड्याळेही तिने केली. मियापूरचा ऑल्विन चौरस्ता आजही तिचे नाव सांगतो. त्या काळच्या सगळ्याच फ्रिजांप्रमाणे ऑल्विनच्या फ्रिजचीही दुनिया सीएफसीची होती. हा गॅस देशात बनू लागला तो सुरतजवळ भेस्तानला, मफतलाल घराण्याच्या कारखान्यात, १९६७ पासून. १९९० च्या दशकात ऑल्विनचा फ्रिजचा धंदा मुंबईच्या व्होल्टासकडे गेला. तोवर जगात या गॅसची पत पार उतरली होती.

१९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की हा ‘निरुपद्रवी’ वायू जमिनीजवळ कशाशीच प्रक्रिया करत नाही, म्हणूनच तो थेट वर चढतो. तिथे सूर्याच्या अतिनील किरणांनी त्यातला क्लोरिन सुटा होतो आणि ओझोन खातो. १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या विवराची नोंद छापली आणि असे वायू आटोक्यात आणण्यासाठी १६ सप्टेंबर १९८७ रोजी मॉन्ट्रिअल करारावर सह्या झाल्या.

गॅस परत ओढणारे यंत्र मात्र विवराची बातमी येण्याच्या आधीच जन्मलेले होते. अमेरिकेत १९८१ आणि १९८४ साली त्याची पेटंटे निघाली होती, त्यांतले १९८४ चे रॉबिनेअर या हत्यारे बनवणाऱ्या कंपनीचे. कल्पना सोपी होती: एसीतला गॅस एका छोट्या कॉम्प्रेसरने ओढायचा, गाळायचा, थंड करून द्रव करायचा आणि सिलिंडरात भरायचा. मालकाला गॅसचे पैसे वाचवायचे होते, तेवढ्यापुरते ते यंत्र होते. मॉन्ट्रिअलनंतर त्याला कायद्याचे बळ मिळाले. १ जुलै १९९२ पासून अमेरिकेत दुरुस्ती करताना हा गॅस जाणूनबुजून हवेत सोडणे बेकायदा झाले.

भारत मॉन्ट्रिअल करारात जरा उशिराने आला. कराराच्या १९९० च्या लंडन बैठकीत तेव्हाच्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी यांनी सरळ विचारले होते: विवर तुमच्या गॅसने पडले, तर बदलाचा खर्च आमच्या माथी का? त्याच बैठकीत विकसनशील देशांसाठी निधी ठरला आणि भारत १९९२ साली सहभागी झाला. पैसा मिळाला तरी नव्या गॅसचे तंत्र मिळणे सोपे नव्हते, कारण ते परदेशी कंपन्यांच्या मुठीत होते. त्या वेळी हैदराबादेत तारनाक्याच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आयआयसीटीने, सीएफसी-१२ ची जागा घेणाऱ्या एचएफसी-१३४ए या वायूची स्वतःची कृती बसवली. ट्रायक्लोरोएथिलिन आणि हायड्रोजन फ्लोराइड यांची क्रोमियमच्या उत्प्रेरकावर दोन टप्प्यांत प्रक्रिया करायची, अशी ती कृती. हीच संस्था १९४४ साली हैदराबाद संस्थानाची प्रयोगशाळा म्हणून सुरू झाली होती.

१३४ए मध्ये क्लोरिन नव्हता, त्यामुळे ओझोन वाचला. पण पृथ्वीला तापवण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट निघाला. त्याच मापाने आर-२२ चा आकडा १,८१० आणि आर-२२ नंतर एसीत आलेल्या आर-४१०ए चा २,०८८. म्हणजे प्रत्येक नवा गॅस आधीच्याचे पाप धुवायला आला आणि स्वतःचे घेऊन बसला. दरम्यान भारतात ओझोन घटवणाऱ्या पदार्थांचे नियम २००० साली आले, सीएफसीचे उत्पादन मुदतीच्या आधीच, १ ऑगस्ट २००८ पासून थांबले, आणि एचसीएफसी, म्हणजे आर-२२ च्या वर्गातले गॅस, वापरून नवी यंत्रे बनवणे २०२४ अखेर बंद झाले. मॉन्ट्रिअल कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने १३४ए आणि ४१०ए वरही मर्यादा आणली. भारताने ती २०२१ साली मंजूर केली. वापर २०२८ मध्ये गोठवायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. या नियमांचा भर कारखाना, आयात आणि विक्री यांवर. गच्चीवर पान्हा घेऊन बसलेल्या माणसापर्यंत यातले फारसे काही पोचले नाही, आणि गॅस जातो तो तिथूनच.

तेव्हा गच्चीवरच जाऊ. दीड टनाचा आर-२२ चा जुना एसी आहे, आत साधारण किलोभर गॅस. कॉम्प्रेसर चालू असेल आणि एसी नुसता दुसऱ्या घरी हलवायचा असेल तर गॅस परत ओढणारे रिकव्हरी मशीनही लागत नाही. मेकॅनिक एसी चालू ठेवतो, अॅलन कीने बारीक नळीचा वाल्व बंद करतो आणि गेजवर नजर ठेवतो. काटा शून्याशी आला की जाड नळीचा वाल्व बंद करून वीज तोडतो. सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये कोंडला जातो. याला ‘पंप डाउन’ म्हणतात. काम चार-पाच मिनिटांचे असते.

कॉम्प्रेसर जळाला असेल किंवा एसी भंगारात जाणार असेल तर मशीन लागतेच. एसीच्या सर्व्हिस वाल्वपासून गेज, गेजपासून गाळणी, गाळणीपासून मशीन आणि मशीनपासून वजनकाट्यावर ठेवलेला सिलिंडर, अशी होजची रांग लागते. होजमधली हवा आधी काढावी लागते, नाहीतर ती गॅसबरोबर सिलिंडरात शिरून बसते. जमेल तिथे आधी द्रव ओढतात, कारण तो लवकर निघतो, मग उरलेला वायू. सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर कधी भरायचा नाही, कारण तापला की आतला द्रव फुगतो, आणि मे महिन्यात हैदराबादच्या गच्चीवर चाळिशीपार ऊन असते. म्हणून जाणता मेकॅनिक सिलिंडर सावलीत, पाण्याच्या बादलीत ठेवतो. त्याने दाब उतरतो आणि गॅसही भराभर येतो. काटा शून्याखाली गेला की मशीन थांबवून काही मिनिटे वाट पाहायची. काटा पुन्हा चढला तर तेलात विरघळलेला गॅस बाहेर येतो आहे असे समजून परत ओढायचा. शेवटी सिलिंडरवर गॅसचे नाव, वजन आणि तारीख.

यात जिवाशी खेळ होतो तो घाईने. आर-२२ उणे ४१ अंशांना उकळतो, त्याचा द्रव हातावर पडला तर कातडी गोठते. हे वायू हवेपेक्षा जड आहेत, त्यामुळे बंद खोलीत ते खाली साठतात आणि प्राणवायू हटवतात. गॅस पूर्ण काढण्याआधी ब्रेझिंगची टॉर्च लावली तर त्याच ‘निरुपद्रवी’ वायूतून हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतात. नव्या एसींत आर-३२ असतो, तो मंदपणे पेटतो. गोदरेजने साताऱ्याच्या शिरवळ इथल्या कारखान्यातून काढलेल्या काही एसींत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो चांगलाच पेटतो. या दोन्हींसाठी जुने मशीन चालत नाही. ठिणगी न पडणारे, त्या गॅससाठीच बनवलेले मशीन लागते. तसेच एका सिलिंडरात दोन गॅस कधी मिसळायचे नाहीत. आर-२२ आणि आर-३२ एकत्र झाले की ते मिश्रण बाजारात कुणाच्या कामाचे राहत नाही, ते नष्टच करावे लागते.

ओढलेल्या गॅसचे पुढे काय होते यावर त्याची किंमत ठरते. त्याच मालकाच्या त्याच यंत्रात जायचा असेल तर गाळून, तेल आणि ओलावा काढून तो परत भरता येतो. जळक्या कॉम्प्रेसरमधला आम्लाचा उग्र वास मारणारा गॅस मात्र असा भरायचा नाही, नवा कॉम्प्रेसरही त्याने जातो. दुसऱ्याला विकायचा असेल तर कारखान्यात ऊर्ध्वपातन करून प्रयोगशाळेत तपासावा लागतो. त्यासाठी एएचआरआय-७०० हे मानक आहे: शुद्धता किमान ९९.५ टक्के, आणि आर-२२ मध्ये ओलावा दहा लाख भागांत दहा भागांहून जास्त नको. असा गॅस नव्या गॅसच्या बरोबरीचा.

अडते ते पैशापाशी. किलोभर गॅस ओढायला वेळ जातो, मशीन आणि सिलिंडर गच्चीवर चढवावे लागते, आणि त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. माधापूरच्या मोठ्या इमारतीतल्या चिलरमध्ये शेकडो किलो गॅस असतो, तिथे तो जपणे परवडते आणि जपलाही जातो. घरच्या एसीचा हिशेब वेगळा पडतो. २०१९ च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्यात एक लाख मेकॅनिकांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. २०२३ मध्ये ई-कचऱ्याच्या नियमांत मोडीत निघालेल्या यंत्रांतल्या गॅसची सुरक्षित विल्हेवाट उत्पादकांच्या जबाबदारीत आली. दिशा ठीक आहे. पण परत आलेल्या किलोमागे मेकॅनिकच्या हातात रोख पैसे पडत नाहीत, तोवर वाल्व उघडाच राहणार. भंगारवाला तांब्याचा भाव देतो म्हणून तांब्याचा तुकडाही रस्त्यावर पडून राहत नाही. गॅसलाही तसाच भाव आणि तसेच जमा-केंद्र हवे, आणि ते उभे करणे कंपन्यांचे आणि सरकारचे काम आहे.

आर-२२ चा आकडा लक्षात ठेवावा: हवेत गेलेला एक किलो म्हणजे १.८ टन कार्बन डायऑक्साइड. आयआयसीटीच्या १३४ए पासून आजच्या आर-३२ पर्यंत गॅस बदलत गेले आणि पुढेही बदलतील. त्या प्रत्येकाला परत ओढायची रीत मात्र एकच राहिली आहे, आणि नेमकी तिच्याकडेच आपण सगळ्यांत कमी लक्ष दिले.

तेव्हा यंदा एसीवाला दारात आला की ‘गॅस भर’ म्हणण्याआधी विचारा: गळती कुठे आहे? आधीचा गॅस मशीनने काढणार की सोडून देणार? नवा किती भरला, ते काट्यावर दाखवणार का? आणि तो नीट काम करणार असेल तर मजुरीत घासाघीस करू नका. गळती न बुजवता भरलेला गॅस पुढच्या मार्चपर्यंत टिकत नाही.