प्रोसेसरची वेगवाढ आणि अंगभूत ग्राफिक्स : दोन काटकसरींची ताटातूट

संगणकाच्या प्रोसेसरला उत्पादकाने नेमून दिलेल्या गतीहून अधिक गतीने चालविणे ह्यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. ह्या प्रथेचा इतिहास बहुधा हौशी व सधन लोकांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. वस्तुतः स्वस्त प्रोसेसरकडून महागाचे काम करून घेणे, ही काटकसरीची दृष्टी तिच्या मुळाशी होती. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड न घेता अंगभूत ग्राफिक्सवर भागविणे हीही काटकसरच होय. ह्या दोन काटकसरी एकाच यंत्रात का नांदू शकल्या नाहीत, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यवतमाळ जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न गौण नाही. पुसद येथे १९८३ साली व यवतमाळ येथे १९९६ साली अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. शिक्षणासाठी व कार्यालयीन कामासाठी घेतलेल्या अशा संगणकांत स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड सहसा नसे. असा संगणक वापरणाऱ्याला दोन्ही काटकसरींची गरज एकाच वेळी होती.

वेगवाढीचे प्रसिद्ध उदाहरण १९९८ सालचे आहे. इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ६६ मेगाहर्ट्झ गतीच्या बसवर, ४.५ ह्या गुणकाने, ३०० मेगाहर्ट्झवर चाले. गुणक कुलूपबंद होता. बसची गती मात्र बदलता येई. ती १०० केली की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर जाई. १०० मेगाहर्ट्झची बस त्याच वर्षी ४४०बीएक्स चिपसेटमुळे रूढ झाली होती. त्यामुळे यंत्राचे इतर भाग आपापल्या मर्यादेतच राहत. १९९९ साली इंटेलच्या ८१० चिपसेटने ग्राफिक्स मदरबोर्डवरच आणले व त्यासाठी मुख्य स्मृतीचाच वापर केला. तेव्हापासून प्रोसेसर व ग्राफिक्स एकाच स्मृतीचे वाटेकरी झाले.

पुढे हे सान्निध्य वाढत गेले. जानेवारी २०१० मध्ये इंटेलने ग्राफिक्सची चकती प्रोसेसरच्या वेष्टनात आणली आणि जानेवारी २०११ मध्ये ‘सँडी ब्रिज’ मालिकेत दोहोंना एकाच चकतीवर बसविले. ह्या मालिकेत मूळ क्लॉकवर इतके भाग अवलंबून होते की तो काही टक्क्यांपलीकडे वाढविता येत नसे. खऱ्या वेगवाढीसाठी गुणक खुला असलेला ‘के’ प्रकारचाच प्रोसेसर घ्यावा लागे. येथे एक विसंगती लक्षात घेणे अगत्याचे आहे. आय५-२५००के ह्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्सचे १२ कार्यघटक होते, तर साध्या आय५-२५०० मध्ये केवळ ६. परंतु पी६७ चिपसेटवर गुणक वाढविता येई, अंगभूत ग्राफिक्स वापरता येत नसे. एच६७ वर ग्राफिक्स वापरता येई, प्रोसेसरचा गुणक वाढविता येत नसे. म्हणजे अधिक समर्थ ग्राफिक्ससाठी पैसे मोजणाऱ्यालाच वेगवाढीच्या वेळी ते बाजूला ठेवून वेगळे कार्ड घ्यावे लागे.

ही अडचण तांत्रिक स्वरूपाची नव्हती, ह्याचा पुरावा चारच महिन्यांत मिळाला. मे २०११ मध्ये आलेल्या झेड६८ चिपसेटवर, त्याच प्रोसेसरांसह, दोन्ही गोष्टी शक्य झाल्या. डिसेंबर २०११ मध्ये एएमडीच्या ए८-३८७०के ने तर प्रोसेसर व ग्राफिक्स दोहोंचेही गुणक खुले केले. ह्यावरून मधली ताटातूट ही मालाच्या वर्गवारीची होती, असे अनुमान काढणे भाग आहे.

तथापि सर्वच मर्यादा बाजाराच्या नव्हत्या. प्रोसेसरची विद्युत्शक्ती गतीच्या प्रमाणात आणि विद्युत्दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गती २० टक्के व दाब १० टक्के वाढविल्यास शक्तीचा व्यय सुमारे ४५ टक्क्यांनी वाढतो. एकाच चकतीवर ग्राफिक्सही राबत असल्यास त्याची उष्णता त्याच पंख्याने वाहून न्यावी लागते. चकतीची कमाल मर्यादा सुमारे १०० अंश सेल्सिअस धरली, तर २५ अंशांच्या वातानुकूलित खोलीत ७५ अंशांचा अवकाश मिळतो; वैशाखात ४० अंशांवर गेलेल्या यवतमाळच्या खोलीत ६० अंशांचाच. तोच पंखा तेथे एक पंचमांश कमी उष्णता वाहून नेऊ शकतो. शीतप्रदेशातील चाचणीत यशस्वी ठरलेली वेगवाढ विदर्भात तशीच टिकेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

तात्पर्य, अंगभूत ग्राफिक्सवर भागविणाऱ्याच्या मार्गात दोन भिन्न प्रकारचे अडसर होते. उष्णतेचा अडसर पदार्थविज्ञानाचा. तो मोजता येतो आणि मोठा पंखा, कमी दाब किंवा माफक गती ह्यांनी सौम्य करता येतो. २०११ च्या पूर्वार्धातील अडसर मात्र विक्रीच्या धोरणाचा होता आणि तो अल्प साधने असणाऱ्यासच अधिक जाचक ठरला. तंत्रविद्येचा इतिहास लिहिताना ह्या दोहोंचा विवेक न केल्यास, धोरणाने घातलेली मर्यादा निसर्गाचीच समजली जाण्याचा धोका संभवतो.