घराचा लिलाव झाला, तरी दुसरे कर्ज फिटते का? समजून घ्या वसुलीचे प्रकार

एकाच घरावर दोन कर्जे असली आणि हप्ते थकले, की 'घर गेलं म्हणजे कर्ज मिटलं' असे अनेकजण धरून चालतात. तसे नाही. लिलावाची रक्कम कमी पडली, तर उरलेली बाकी कर्जदाराकडूनच वसूल होऊ शकते. कायदा केंद्राचा असल्याने बेळगाव, पणजी, इंदूर, बडोदा सगळीकडे नियम तोच.

'फोरक्लोजर' म्हणजे काय?
बँकेच्या काउंटरवर या शब्दाचा अर्थ मुदतीआधी कर्ज फेडणे. कायद्यात मात्र वेगळाच: गहाण सोडवून घेण्याचा मालकाचा हक्क कायमचा बंद होणे.

वसुलीचे तीन मार्ग
1. सरफेसी कायदा, 2002: खाते एनपीए झाल्यावर 60 दिवसांची नोटीस, मग कोर्टात न जाता ताबा आणि लिलाव. सहकारी बँकांनाही तो लागू आहे, हे सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये स्पष्ट केले. शेतजमिनीला लागू नाही.
2. दिवाणी दावा: कोर्टाच्या हुकुमाने विक्री.
3. हक्कबंदीचा दावा: मुख्यतः सशर्त विक्रीच्या गहाणात. यात मिळकत थेट गहाण घेणाऱ्याची होते.

राज्यात नोंदलेल्या पतसंस्थांची वसुली मात्र त्या त्या राज्याच्या सहकार कायद्याने होते.

दुसऱ्या कर्जाचे काय?
साधारणपणे ज्याचे गहाण आधीचे, त्याचे पैसे आधी. समजा, घर 40 लाखांना गेले. खर्च 1 लाख, पहिल्या बँकेचे येणे 32 लाख. उरले 7 लाख. दुसऱ्याचे येणे 12 लाख असेल, तर 5 लाख बाकी राहतात. करारात फेडीची वैयक्तिक हमी असते, म्हणून ती बाकी दावा लावून पगार, ठेवी, इतर मिळकतीतून वसूल करता येते. जामीनदारही सुटत नाही. ताबेगहाणात मात्र सहसा अशी वैयक्तिक जबाबदारी नसते.

नोटीस आली तर
- लेखी हरकत घ्या. बँकेने 15 दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे.
- ताब्याच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येते.
- लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याआधी सगळे येणे खर्चासह भरले, तर घर सुटते.
- दुसऱ्या कर्जाची तडजोड झाली, तर 'बाकी काही नाही' असा दाखला लेखी घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.