माटुंग्याच्या आश्रमापासून घरच्या औषधापर्यंत

मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागून जगणाऱ्या कुष्ठरुग्णांसाठी १८९० मध्ये माटुंग्याला एक आश्रम उभा राहिला. पुढाकार होता पालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट ॲक्वर्थ यांचा. त्यांचा हा आश्रम म्हणजे आजचे वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय.

डॉ. हान्सेन यांनी या रोगाचा जंतू १८७३ मध्येच शोधला होता, पण त्याला मारणारे औषध नव्हते. कडू कवठीच्या तेलावर भिस्त होती. त्यामुळे आत आलेला माणूस बहुधा आयुष्यभरासाठीच येई. त्याला अन्न, निवारा, मलमपट्टी आणि जमेल ते काम, असे अख्खे गावच पुरवावे लागे. १८९७ च्या सुमारास इथल्या मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरात आणला गेला. जैववायूच्या इतिहासात माटुंग्याचा उल्लेख येतो तो यामुळे.

पण या गावाला कुंपण होते. १८९८ च्या कायद्याने भिकारी कुष्ठरुग्णाला पोलिसांनी वॉरंटाशिवाय पकडून आश्रमात डांबण्याची मुभा मिळाली. विक्रीसाठी अन्न शिजवणे, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरणे यांवरही बंदी घालता येई. आजारी माणसाची सोय आणि त्याची कैद एकाच छपराखाली नांदू लागली.

हे कुंपण आतून हलले ते विदर्भात. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. विद्वान परचुरे शास्त्रींना रोगामुळे कुठेच थारा मिळेना, तेव्हा गांधीजींनी त्यांना सेवाग्राममध्ये ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केले. १९५१ मध्ये बाबा आणि साधनाताई आमटे दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात राहायला गेले. तिथे वसलेल्या आनंदवनात रुग्णांनी विहिरी खणल्या, शेती पिकवली. सुरुवातीला त्यांच्या हातची भाजी घ्यायला गावकरी कचरत. पुढे त्याच आवारात महाविद्यालय उभे राहिले आणि वरोऱ्याची मुले तिथे शिकायला येऊ लागली.

तोवर औषधही आले होते. सल्फोन गटातल्या डॅप्सोनच्या गोळ्या स्वस्त होत्या आणि घरी बसून घेता येत. १९५१ मध्येच वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. तिथे डॉ. वर्देकर यांनी वेगळी वाट धरली : कार्यकर्त्याने गावोगाव, घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, लोकांना समजावायचे आणि रुग्णाला त्याच्याच गावात औषध द्यायचे. रोग लवकर सापडला तर बोटे वाकत नाहीत आणि माणसाला घर सोडावे लागत नाही. १९८१ नंतर बहुविध औषधोपचार आला आणि वर्षानुवर्षे चालणारा उपचार महिन्यांवर आला.

तरीही काळजी संपत नाही, कारण जंतू मेला तरी मेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. पायात काटा रुतला तरी कळत नाही, चूल पेटवताना बोट भाजले तरी जाणवत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या माणसालाही रोज पाय पाण्यात भिजवून निबर कातडी घासायची, तेल लावायचे आणि तळवे निरखून पाहायचे, हा नेम आयुष्यभर पाळावा लागतो. मऊ रबराची खास चप्पल हे त्याचे निम्मे औषध. हे जपले नाही तर जखम चिघळून हाडापर्यंत जाते आणि पाय कापण्याची वेळ येते. घरात हे नीट शिकवणारे आणि करून घेणारे कुणी असेल, तर वसाहतीची गरजच उरत नाही. ज्यांचे घर केव्हाच तुटले, त्या म्हाताऱ्या रुग्णांचा मात्र आश्रम हाच पत्ता.

१८९८ चा तो कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण असल्याची कलमे व्यक्तिगत कायद्यांतून निघायला २०१९ उजाडावे लागले.