सोवळे म्हणजे स्वच्छता नव्हे!

कोरोनाच्या काळात एक प्रचार जोरात झाला: "आमचे पूर्वज हात-पाय धुऊनच घरात येत, सोवळे म्हणजेच विज्ञान!" आमच्या तरुणांच्या मोबाईलवरही हे संदेश फिरले. म्हणून आम्ही त्यांना एक इतिहास सांगू इच्छितो.

१८४६ साल. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. त्या वर्षी पहिल्या विभागात ४०१० बाळंतिणींपैकी ४५९ दगावल्या. दुसऱ्यात ३७५४ पैकी १०५. बायका पहिल्या विभागात जायला घाबरत, दुसऱ्यात घ्या म्हणून गयावया करत. काही तर रस्त्यावरच बाळंत होत.

इग्नाझ सेमेलवाइस या तरुण हंगेरियन डॉक्टरने कारण शोधायला घेतले. मार्च १८४७ मध्ये त्याचे एक सहकारी प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावले. त्यांची लक्षणे बाळंतिणींसारखीच होती! सेमेलवाइसला उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी प्रेते फाडून थेट बाळंतिणीला तपासत होते. सुईणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. मे १८४७ पासून त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४८ मध्ये पहिल्या विभागात ३५५६ पैकी ४५ मृत्यू झाले. प्रमाण अकरा टक्क्यांवरून सव्वा टक्क्यावर आले.

मग त्याचा सत्कार झाला का? नाही. १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही. आपल्याच हातांनी मृत्यू पोचवला, हे मान्य करणे अनेक प्रतिष्ठित डॉक्टरांना जड गेले. १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला.

मित्रांनो, यातला धडा काय? हात कोणाचा आहे यावरून तो स्वच्छ ठरत नाही. त्याने कशाला स्पर्श केला आणि नंतर तो धुतला की नाही, यावरून ठरतो. सोवळे नेमके याच्या उलट सांगते. तिथे जन्माने 'शुद्ध' असलेल्याचा न धुतलेला हातही चालतो, आणि आमचा साबणाने धुतलेला हातही विटाळ करतो. याला विज्ञान म्हणायचे?

पुरावा हवा असेल तर महाड पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी तळे 'शुद्ध' कसे केले? शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून! माणसाच्या ओंजळीने तळे बाटले आणि शेणाने शुद्ध झाले. ज्यांना स्वच्छता कळते, ते पिण्याच्या पाण्यात शेण कालवतील का?

आणखी एक गोष्ट. हात धुवायला आधी पाणी लागते. ज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, त्यांनाच 'अस्वच्छ' म्हणून हिणवले गेले. पाणी तोडायचे आणि वर मळका म्हणायचे, ही मनुवादाची जुनी रीत. म्हणूनच जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही आम्हाला आरोग्याचीही चळवळ वाटते. चवदार तळ्याचा न्यायालयीन लढा तर मार्च १९३७ पर्यंत चालला, तेव्हा उच्च न्यायालयाने आमच्या बाजूने निकाल दिला.

तेव्हा तरुणांनो, दोन कामे करा. जेवणाआधी, स्वयंपाकाआधी, शौचानंतर आणि आजाऱ्याची सेवा केल्यावर साबणाने निदान वीस सेकंद हात धुवा. बोटांच्या बेचक्या, नखे, अंगठे विसरू नका. हे घरी लहानांना शिकवा. आणि ज्या वस्तीत नळ नाही, तिथे भाषण देऊन परत येऊ नका. नळासाठी अर्ज करा, पाठपुरावा करा, गरज पडली तर मोर्चा काढा.

साबण जात विचारत नाही. पाणीही विचारत नाही. विचारतो तो माणूस, आणि धुऊन काढायचा आहे तो त्याच्या मनातला मळ.

जय भीम!