शब्दवेध : इगर्ज

गोव्यात चर्चला इगर्ज म्हणतात. पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आलेल्या या शब्दाचं मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’, म्हणजे बोलावून जमवलेली सभा. अथेन्सचे नागरिक प्निक्स टेकडीवर भरवत ती हीच. युद्ध-तहाचे निर्णय तिथे होत. पहिल्या ख्रिस्ती मंडळींनी हा शब्द स्वतःसाठी घेतला, यात मला मोठं धैर्य दिसतं. नगरसभेत ज्यांना जागाच नव्हती ते गुलाम, त्या स्त्रियाही इथे देवराज्याचे नागरिक ठरले. फिलिप्पै शहर तर रोमची वसाहत. तिथल्या मंडळीला प्रेषित पौलाने कळवलं, आपलं नागरिकत्व स्वर्गातलं आहे. हे लोक कर भरत, सम्राटासाठी प्रार्थनाही करत. पण ‘कैसर प्रभू आहे’ एवढं म्हणायला स्मुर्णाच्या वृद्ध बिशप पॉलिकार्पने नकार दिला आणि चिता पत्करली.